पोहायला निघालेली लेक आणि दारात अडलेला बाप

उन्हाळ्याची सुट्टी लागली की महापालिकेच्या तरणतलावावर मुलांची गर्दी होते. आई कामावर आणि बापाला सुट्टी असेल, तर लेकीला पोहायला नेण्याचे काम बापाकडे येते. अडते ते कपडे बदलण्याच्या खोलीपाशी. एका दारावर 'पुरुष', दुसऱ्यावर 'स्त्रिया'. लेकीला कोणत्या दारातून न्यावे? मुलाला घेऊन आलेल्या आईचीही हीच अडचण. त्यापायी लेकीचे पोहणेच बंद करणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट उपाय होय.

मूल अगदी लहान असेल तर ते पालकाजवळच असावे. मात्र उघड्यावर कपडे न बदलता कडी लागणारी खोली घ्यावी. पुढे वयाचा एकच आकडा सर्वांना लागू पडत नाही. मूल स्वतः अंग पुसून, बटणे लावून बाहेर येते का आणि त्याला लाज वाटू लागली आहे का, हे पाहावे. "मला लाज वाटते" असे ते म्हणाले, तर ते हसण्यावारी नेऊ नये.

पोहण्याचा पोशाख घरूनच कपड्यांच्या आत घालून न्यावा. परतताना घालायला सैल फ्रॉक ठेवावा. टॉवेल गुंडाळून कपडे कसे बदलायचे, याचा सराव घरी आईने करून घ्यावा. लेक आत एकटी गेली तर बापाने तिथल्या महिला कर्मचाऱ्याला सांगावे, दाराबाहेर थांबावे आणि अधूनमधून नावाने हाक मारावी.

मुलगा असो वा मुलगी, तीन गोष्टी शिकवाव्यात. आपल्या अंगाला कोणी नकोसा हात लावला तर ओरडायचे. कोणी मोबाइल रोखला तर बाहेर यायचे. घडलेले घरी सांगायचे, कोणी "सांगू नकोस" म्हटले तरी. २०१२ चा पॉक्सो कायदा १८ वर्षांखालील मुलगा-मुलगी दोघांनाही संरक्षण देतो. मदतीसाठी १०९८ हा क्रमांक विनाशुल्क आहे.

माता-पित्यांनो, एवढ्यावर थांबू नका. प्रत्येक तलावावर आई-मुलगा किंवा बाप-लेक एकत्र जाऊ शकतील अशी कडी लागणारी एक लहान खोली हवी. वस्तीतल्या पालकांच्या सह्या घेऊन तसा अर्ज प्रभाग कार्यालयात द्या आणि त्याची पोच घ्यायला विसरू नका. पोहणे शिकण्याचा हक्क लेकीलाही आहे; एका दारापायी तो जाऊ देऊ नका.