घरासकट बोगद्यात!

कॅम्पर व्हॅन म्हणजे चाकांवरचं घर. आत झोपायला गादी, एक-दोन शेगड्यांचा ओटा, छोटा फ्रीज, पाण्याची टाकी, काहींत तर संडाससुद्धा! अमेरिका, युरोप, न्यूझीलंडमधली माणसं सुटीत असं घर भाड्याने घेतात आणि डोंगरदऱ्यांतून भटकत सुटतात. हॉटेल शोधायला नको, की रोज बॅगा भरायला नकोत.

पण हे घर डोंगरातल्या जुन्या बोगद्यासमोर येऊन उभं राहिलं, की चालकाला घाम फुटतो. साधी मोटार जेमतेम पाच फूट उंच. कॅम्पर व्हॅनमध्ये मात्र माणसाला ताठ उभं राहता यायला हवं, म्हणून तिचं छप्पर नऊ फुटांच्या आसपास जातं. त्यावर एसी किंवा सोलर पॅनेल बसवलं की आणखी उंच. बसएवढी मोटरहोम असेल तर बारा फूट!

म्हणून भाड्याच्या व्हॅनमध्ये पुष्कळदा चालकाच्या समोरच एक चिठ्ठी चिकटवलेली असते: ‘या गाडीची उंची इतकी.’ बोगद्याच्या तोंडाशीही पाटी असते: ‘उंची इतकी.’ मग काय, दोन आकडे ताडून पाहिले की झालं, नाही का?

नाही ना! गाडी मावेल की नाही, हे एका आकड्यावर कधीच ठरत नाही. का, ते बघायला आपण तीन बोगद्यांतून जाऊन येऊ.

सुईच्या नेढ्यातून गाडी

पहिला थांबा अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यात. तिथल्या कस्टर स्टेट पार्कमध्ये ग्रॅनाइटचे उंचच उंच सुळके आहेत. त्यांना म्हणतात नीडल्स, म्हणजे सुया. या सुयांमधून जाणारा रस्ता 1922 मध्ये पूर्ण झाला. पीटर नॉरबेक नावाच्या पुढाऱ्याला हा रस्ता हवा होता, आणि तो कुठून न्यायचा हे त्याने पायी आणि घोड्यावरून हिंडून ठरवलं.

त्याच रस्त्यावर आहे नीडल्स आय टनेल. बोगद्याशेजारीच एका सुळक्याला आरपार लांबट भोक आहे. वारा, पाऊस आणि भेगांत गोठून फुगणारं पाणी यांनी ते कोरलंय. आपल्या राजगडावर किंवा रतनगडावर गेला असाल, तर असं नेढं तुम्ही पाहिलंही असेल. नेढं निसर्गाने केलं; बोगदा मात्र माणसांनी सुरुंग लावून फोडला.

रुंदी किती? 8 फूट! उंची 9 फूट 9 इंच, म्हणजे पावणेदहा फूट.

आता तुमची व्हॅन मोजा. तिचं अंग साधारण पावणेसात फूट रुंद. म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून सव्वा फूट जागा उरते. मावली! थांबा, थांबा. दोन्ही बाजूंना कान पसरून बसलेले आरसे मोजलेत का? ते धरले तर व्हॅनची रुंदी आठ फुटांच्या घरात जाते. कंपनीच्या माहितीपत्रकात रुंदीचा आकडा पुष्कळदा आरसे सोडून दिलेला असतो. खडकाला ते माहीत नसतं. म्हणून इथे शिरण्याआधी आरसे मिटायचे आणि गोगलगायीच्या चालीने पुढे सरकायचं. मोठ्या मोटरहोमने तर या वाटेला जायचंच नाही.

खिडक्यांचा बोगदा

दुसरा थांबा अमेरिकेतच, यूटा राज्यातल्या झायन नॅशनल पार्कमध्ये. इथला बोगदा लांब आहे, 1.1 मैल, म्हणजे पावणेदोन किलोमीटरहून थोडा जास्त. काम 1927 मध्ये सुरू झालं आणि 1930 मध्ये बोगदा खुला झाला.

तो खणला कसा, ते ऐका. कामगार एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे खणत गेले नाहीत. ते कड्यावर चढले, कड्याच्या अंगातच मोठमोठ्या खिडक्या फोडल्या, आणि त्या खिडक्यांतून आत शिरून दोन्ही बाजूंना खणत सुटले. निघालेला दगड खिडकीतूनच खाली दरीत लोटून दिला. हवा आणि उजेडही तिथूनच. आजही आत दिवे नाहीत. त्या खिडक्यांतूनच काय तो उजेड येतो. आणि ज्या दगडात हा बोगदा आहे, तो वालुकाश्म एकेकाळी काय होता माहितीये? वाळवंट! डायनोसॉरच्या जमान्यातल्या वाळूच्या टेकड्या दबून, घट्ट होऊन त्याचा डोंगर झाला. म्हणजे इथे गाडी चक्क जुन्या वाळवंटाच्या पोटातून जाते.

उन्हातून एकदम अशा अंधारात शिरलं की डोळ्यांची पंचाईत होते. बाहुली काही क्षणांत मोठी होते, पण डोळ्याच्या पडद्यावरच्या, अंधुक उजेडात कामाला येणाऱ्या पेशींना पुरतं तयार व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात. ताशी 40 किलोमीटरने गेलात तर हा बोगदा पावणेतीन मिनिटांत संपतो. डोळे अंधाराला सरावण्याआधीच तुम्ही पुन्हा उन्हात! म्हणून शिरण्याआधी गॉगल काढायचा, हेडलाइट लावायचे आणि वेग कमी करायचा. दिवे असलेल्या लांब बोगद्यांमध्ये एक गंमत बघा: दिवसा सगळ्यांत लख्ख दिवे तोंडाशी असतात आणि आत जावं तसे मंद होत जातात. बाहेर ऊन असताना आतल्यापेक्षा दारात जास्त उजेड लागतो, तो डोळ्यांसाठीच.

आता झायनची खरी भानगड. हा बोगदा खुला झाला तेव्हा रस्त्यावर फोर्डची मॉडेल ए धावत होती, रुंदी साडेपाच फुटांच्या आसपास. पुढे गाड्या फुगत गेल्या. बोगदा तेवढाच राहिला. मग नियम झाला: 11 फूट 4 इंचांहून उंच किंवा आरशांसकट 7 फूट 10 इंचांहून रुंद गाडी आली की रेंजर समोरची वाहतूक थांबवणार, आणि ती गाडी रस्त्याच्या अगदी मधून जाणार. पुढे उद्यानाने असंही जाहीर केलं, की 7 जून 2026 पासून मोठ्या गाड्यांनी या बोगद्यात यायचंच नाही, दुसऱ्या रस्त्याने जायचं.

पण मधूनच का? आपली लेन धरून का नाही? कारण बोगद्याचं छत सपाट नाही, कमानीसारखं आहे. मध्ये उंच आणि कडेला उतरतं. मोटारीचं छप्पर बुटकं असतं, तिला कडेला काही त्रास नाही. कॅम्परचं छप्पर मात्र उंच आणि चौकोनी. ती आपल्या लेनमध्ये गेली, की तिचा वरचा कोपरा कमानीला जाऊन भिडतो. मध्यावर मावलेली गाडी कडेला मावेलच असं नाही.

मग छत सपाटच का करत नाहीत? दगड दाबला तर भरपूर सोसतो, ताणला की तडकतो. सपाट छतावर डोंगराचं ओझं आलं, की छताची खालची बाजू ताणली जाते. कमान ते ओझं आपल्या दोन्ही खांद्यांवरून खाली जमिनीत उतरवते आणि तिचे दगड एकमेकांवर दाबलेलेच राहतात. म्हणजे जी कमान कॅम्परच्या कोपऱ्याला आडवी येते, तीच वरचा डोंगर पेलून धरते!

सिग्नल, बर्फ आणि पोपट

तिसरा थांबा न्यूझीलंड. मिलफर्ड साउंडला जाणाऱ्या रस्त्यावर होमर टनेल आहे. ऐन हंगामात त्या रस्त्यावर कॅम्पर व्हॅनची रांगच लागते. 1935 मध्ये पाच जणांनी कुदळी आणि ढकलगाड्या घेऊन काम सुरू केलं. मध्ये हिमलोट आले, मध्येच दुसरं महायुद्ध आलं, आणि बोगदा वाहतुकीला खुला झाला 1954 मध्ये.

लांबी सुमारे 1.2 किलोमीटर, आणि आतला रस्ता उताराचा. दर 10 मीटरला तो 1 मीटर खाली जातो. म्हणजे या तोंडातून शिरून त्या तोंडातून निघेपर्यंत तुम्ही सुमारे 120 मीटर खाली आलेले असता! सामानाने जड झालेली व्हॅन इथे नुसत्या ब्रेकवर सोडायची नसते, खालच्या गिअरमध्ये उतरवायची असते.

बोगदा अरुंद, म्हणून उन्हाळ्यात दोन्ही तोंडांशी सिग्नल असतात. आधी इकडच्या गाड्या, मग तिकडच्या. आता सांगा, हिवाळ्यात बर्फ पडतं तेव्हा सिग्नलची गरज वाढेल की कमी होईल? वाढेल, असंच वाटतं ना? पण हिवाळ्यात ते बंद ठेवतात! कारण तोंडाशी उभ्या राहिलेल्या गाड्यांवर वरून हिमलोट कोसळू शकतो. तिथे थांबून राहण्यापेक्षा आत समोरून येणाऱ्या गाडीला जपून वाट देणं कमी धोक्याचं.

उन्हाळ्यात सिग्नलला थांबलात, तर स्वागताला हजर असतात किया. उंच डोंगरात राहणारे हे हिरवे पोपट भलतेच हुशार आणि उचापती. गाडीच्या टपावर चढतील, दाराखिडक्यांचं रबर सोलून काढतील! बोगद्याजवळ रस्त्याच्या कामासाठी ठेवलेले प्लास्टिकचे शंकू ते रस्त्यात ढकलायचे. कुणाचा उद्योग म्हणून कॅमेऱ्यात पाहिलं, तर हे महाशय! शेवटी रस्तेवाल्यांनी त्यांच्यासाठी रस्त्यापासून दूर खेळायची जागा करून दिली. तेव्हा व्हॅनची उंची मोजताना टपावर बसलेला पोपटही मोजायचा का, ते तुमचं तुम्ही ठरवा.

आता तुमचा बोगदा

आलेख कागद आणि कंपास घ्या. 5 सेंटिमीटर त्रिज्येचं अर्धवर्तुळ काढा. हा तुमचा बोगदा. 1 सेंटिमीटर म्हणजे 1 मीटर. खालची सपाट रेघ म्हणजे रस्ता. रस्त्याच्या बरोबर मध्यावर एक खूण करा. तिच्या दोन्ही बाजूंना एकेक लेन, 5 सेंटिमीटरची.

मध्यावर उंची 5. मध्यापासून 3 सेंटिमीटर डावीकडे सरका आणि सरळ वर रेघ काढा. कमान किती उंचीवर लागली? बरोबर 4 वर. 4 सेंटिमीटर सरकलात तर 3 वर. (3, 4, 5 ही तिकडी भूमितीच्या पुस्तकात भेटली असेल, तर हा काटकोन त्रिकोण लगेच ओळखाल.)

आता पुठ्ठ्याची मोटरहोम कापा, 2.5 सेंटिमीटर रुंद आणि 4 सेंटिमीटर उंच. मध्यावर ठेवा: आरामात मावते. डाव्या लेनच्या बरोबर मधोमध ठेवा: वरचा डावा कोपरा कमानीच्या बाहेर! हळूहळू मध्याकडे सरकवत न्या. तिची उजवी बाजू मध्यखुणेपासून अर्ध्या सेंटिमीटरवर आली, की कोपरा कमानीला नुसता टेकतो. आणखी सरकली की सुटली.

तशीच दुसरी मोटरहोम उजवीकडे ठेवा. दोघींनी मध्यखुणेपासून अर्ध्या सेंटिमीटरच्या आत कड धरली, तर दोघी एकाच वेळी मावतात, आणि कोपरे कमानीला टेकलेले असताना मध्ये 1 सेंटिमीटर, म्हणजे खऱ्या बोगद्यात 1 मीटर जागा उरते. मग झायनमध्ये समोरची वाहतूक थांबवायची काय गरज होती?

एक तर तुमचा बोगदा झायनपेक्षा ऐसपैस आहे. आणि दुसरं म्हणजे तो सरळ आहे. वळणावर गाडीची मागची चाकं पुढच्यांच्या वाटेने जात नाहीत, वळणाच्या आतल्या बाजूला सरकतात. पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर 4 मीटर असेल आणि वळणाची त्रिज्या 20 मीटर, तर हे सरकणं सुमारे 40 सेंटिमीटर भरतं. चाकांमधलं अंतर दुप्पट, म्हणजे 8 मीटर केलं, तर सरकणं दुप्पट नाही, जवळजवळ चौपट होतं! दीड मीटरहून जास्त. तुम्ही मध्ये राखलेली 1 मीटर जागा एकाच गाडीने खाऊन टाकली, आणि समोरून दुसरी येतेच आहे.

आता कागदावरचा रस्ता वरून पाहिल्यासारखा काढा, त्याला वळण द्या आणि पुठ्ठ्याची लांब गाडी त्यावरून फिरवा. चालक पुढे बघतोय, पण तिचं मागचं चाक कुठून जातंय, तेही रेघ ओढून बघा.