पडणारा एक, बोलणारा भलताच!

‘ताकेशीज कॅसल’ आठवतंय ना मैत्रिणींनो? पोगो वाहिनीवर लागायचं. तळ्यातल्या दगडांवरून उड्या मारत जाणारी माणसं, त्यातला एखादा दगड नेमका तरंगता निघायचा आणि माणूस धप्पकन पाण्यात! कागदाचं दार समजून जोरात धडक मारावी, तर ते निघायचं पक्कं. मुलं लोळून हसायची आणि भाज्या निवडता निवडता आपणही हसायचो. पण खरं सांगू का, आपण हसत होतो ते अर्धं त्या पडण्याला आणि अर्धं जावेद जाफरींच्या हिंदी बोलण्याला. त्या जपानी माणसांना ते खुशाल आपल्याकडची नावं द्यायचे आणि आपल्यालाही ती गल्लीतलीच कुणी वाटायची.

मूळ कार्यक्रम जपानच्या टीबीएस वाहिनीवर 1986 ते 1990 या काळात चालला. ताकेशी कितानो हा किल्ल्याचा सरदार. पुढे हेच कितानो मोठे चित्रपट दिग्दर्शक झाले, 1997 साली व्हेनिसच्या महोत्सवात त्यांच्या ‘हाना-बी’ला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. कार्यक्रमात मात्र ते किल्ल्यात बसून मजा बघायचे. सेनापती तानी साध्यासुध्या लोकांची शंभराच्या आसपास फौज घेऊन किल्ल्यावर चाल करून जायचा. एकेका अडथळ्यावर माणसं गळायची आणि शेवटच्या लढाईला मूठभर उरायची. जिंकणाऱ्याला बक्षीस होतं दहा लाख येन, पण तिथवर पोचणारे अगदी विरळा. तरीही दर वेळी नवी माणसं हौसेने यायची. त्यांच्याशी गप्पा व्हायच्या, मग धावणं, मग आपटणं.

हाच कार्यक्रम पुढे देशोदेशी गेला. काही ठिकाणी नव्याने बांधला गेला, उदाहरणार्थ थायलंड आणि इंडोनेशियात. पण नव्याने करायचं म्हणजे किल्ला हवा, तळं हवं, माणसं हवीत, खर्च आला. त्यापेक्षा सोपा मार्ग म्हणजे जुनी चित्रफीत घ्यायची, कापायची, मूळ आवाज काढायचा आणि वर आपला आवाज चढवायचा. जुन्या साडीला नवा काठ लावावा तसं!

बघा, साडी एकच, पण काठ किती तऱ्हेचे. इंग्लंडमध्ये 2002 पासून क्रेग चार्ल्स यांनी मिश्किल समालोचन केलं. माणसं जपानी आहेत, खेळ जपानी आहे, हे तिथे कुणी लपवलं नाही. अमेरिकेत 2003 ते 2007 मध्ये ‘एमएक्ससी’ नावाने जे दाखवलं, त्यात सगळंच बदललं. एकेकटे खेळणारे लोक दोन संघांत वाटले गेले, त्यांना बनावट नावं आणि बनावट नोकऱ्या मिळाल्या. खुद्द ताकेशी झाले ‘विक रोमानो’! आणि स्पेनमध्ये 1990 साली कार्यक्रमाचं नावच ठेवलं ‘पिवळा विनोद’. कातडीच्या रंगावरून! त्यात एक ‘चिनी कुदेइरो’ नावाचं काल्पनिक पात्र होतं, ते म्हणे दर भागात मरायचं. माणसं जपानी, पण म्हणायचं चिनी. बोलणाऱ्याला त्याचं काय!

नक्कल केली म्हणून भांडण मात्र झालं. अमेरिकेतल्या ‘वाइपआउट’वर टीबीएसने 2008 मध्ये दावा लावला, तो 2011 मध्ये आपसांत मिटला. त्याच 2011 साली ‘वाइपआउट’चा हिंदी अवतार ‘जोर का झटका’ शाहरुख खानला घेऊन आपल्याकडे आला. म्हणजे कार्यक्रमाच्या मालकाला दाद मागता आली. पण त्या चित्रफितीत पाण्यात पडलेल्या एखाद्या बाईचं काय? पडण्याआधी ती काहीतरी बोलली होती. कुठून आले, कशासाठी आले, असं काही. ते बोलणं पुसलं गेलं आणि तिच्या तोंडी दुसऱ्याच कुणाचा विनोद आला. तिला कदाचित याचा पत्ताही नसेल.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय मनाला लावून घ्यायचं, करमणूकच तर आहे. मलाही हसायला आवडतं. पण आमच्या बचत गटातल्या एका मावशींचा अनुभव सांगते. एका कार्यक्रमासाठी त्यांचं चित्रीकरण झालं. पापडाच्या पिठाचा भाव गिरणीवाल्याशी भांडून कसा कमी करून घेतला, कर्जाचा हप्ता एकदाही कसा चुकवला नाही, हे त्यांनी ठसक्यात सांगितलं. पडद्यावर दिसलं काय? मावशी बोलताहेत, आवाज बंद, मागे रडवं संगीत आणि कुणाचा तरी भारदस्त आवाज : ‘या बिचाऱ्या अबला...’ मावशी मला हळूच म्हणाल्या, “ताई, तोंड माझं, पण हे बोलतंय कोण?”

हा प्रश्न मला ताकेशीच्या किल्ल्यापर्यंत घेऊन जातो. आवाज चढवणं वाईट नाही. जाफरींच्या बोलण्यात माया होती. पडणारा आपल्यातलाच वाटायचा, म्हणून हसूही आपलेपणाचं होतं. स्पेनमधल्या त्या नावात ही माया कुठे आहे? चित्र तेच, पण एका आवाजाने माणूस जवळ येतो, तर दुसऱ्याने त्याचं बुजगावणं होतं.

2023 मध्ये प्राइम व्हिडिओवर हा खेळ नव्या किल्ल्यासह परत आला. आपल्याकडे त्याचं हिंदी समालोचन भुवन बाम यांनी केलं. आणि आता तर मोबाइलवर कुणीही कुणाच्याही चित्रफितीवर आपला आवाज चढवतं. लग्नात पाय घसरलेली नवरी, बाजारात भांडणारी बाई, सगळ्यांच्या तोंडी दुसऱ्यांचे शब्द. असं काही पुढे पाठवण्याआधी एकदा आवाज बंद करून नुसता तो चेहरा बघा. तिच्या जागी आपली लेक, आपली जाऊ असती तर? तरीही हसू आलं, तर खुशाल हसा. नाही आलं, तर ते तिथेच थांबवा. एवढं तर आपल्या हातात आहेच की!