मुशीची पाटी आणि वॉशिंग्टनचा करार

हर्णे बंदरात लिलाव रंगतो तो सुरमई-पापलेटवर. मुशीच्या, म्हणजे शार्कच्या, पाटीकडे बाहेरून आलेलं गिऱ्हाईक फारसं बघतही नाही. कायद्याच्या नजरेत मात्र तीच पाटी सगळ्यात भानगडीची. कोकणात कालवणात पडणारी ही छोटी मुशी ज्या कुळातली, ते अख्खं कूळ २०२२ मध्ये पनामाच्या परिषदेत 'साइट्स' या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात गेलं. त्या यादीमुळे इथे विकणं-खाणं थांबत नाही. देशाबाहेर धाडायची तर परवाना लागतो, आणि त्याआधी समुद्रात मुशी पुरेशी उरते का, याचा शास्त्रज्ञांनी निर्वाळा द्यायचा असतो. परांचा तर प्रश्नच नाही. सगळ्या मुशींच्या परांची निर्यात भारताने २०१५ मध्येच बंद केली.

पण पनामात ठराव झाला म्हणून इथल्या अधिकाऱ्याला कुणाला अटक करता येत नाही. आपल्याकडे करार आपोआप कायदा होत नाही. तो संसदेला करावा लागतो. राज्यघटनेचं २५३ वं कलम तो अधिकार देतं, अगदी विषय राज्यांच्या यादीतला असला तरी. साइट्स १९७३ मध्ये वॉशिंग्टनला ठरला, भारत १९७६ मध्ये सामील झाला. आपला वन्यजीव संरक्षण कायदा त्याआधीचा, १९७२ चा. त्यात कराराला स्वतंत्र जागा नव्हती. मग सेहेचाळीस वर्षं कस्टम्स आणि परदेशी व्यापाराच्या नियमांवर भागवलं गेलं. बंदरावर किंवा विमानतळावर माल पकडला तर पकडला. एकदा घरात पोचलेल्या परदेशी पोपटाला कुणी विचारायचं? २०२२ च्या दुरुस्तीने करारासाठी वेगळं प्रकरण आणि चौथी अनुसूची आली, अंमल १ एप्रिल २०२३ पासून. एवढ्या दिरंगाईला काही सबब असेल असं मला वाटत नाही.

काही बाबतींत आपण कराराच्याही पुढे आहोत. कोकणातल्या बातम्यांत अधूनमधून झळकणारी 'व्हेलची उलटी', म्हणजे अंबरग्रीस, घ्या. नैसर्गिकरीत्या बाहेर पडून किनाऱ्याला लागलेलं अंबरग्रीस साइट्सच्या कक्षेत धरत नाहीत. भारतात स्पर्म व्हेल पहिल्या अनुसूचीत असल्याने त्याची खरेदी-विक्री हा गुन्हा. करारापेक्षा कडक होण्याची मुभा कराराचंच १४ वं कलम देतं. म्हणून कर्दे-मुरुडच्या वाळूत असा मेणचट गोळा दिसलाच, तर वनखात्याला कळवायचं. तोच गोळा इंग्लंडच्या किनाऱ्यावर मिळाला, तर खुशाल विकता येतो.