पोलिसांचें मौन
चोर पकडणें हें पोलिसाचें काम. पण चोर स्वतःच गणवेशांत असेल तर? या प्रश्नाचा शोध क्लॉकर्स प्रभृति संशोधकांनीं अमेरिकेंत घेतला व इ. स. २००० मध्यें त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ३० पोलीसदलांतील ३,२३५ जणांपुढें गैरवर्तनाचे ११ काल्पनिक प्रसंग ठेवण्यांत आले. सांपडलेल्या पाकिटांतील पैसे लांबविणाऱ्या सहकाऱ्याविरुद्ध वर्दी देऊं, असें बहुतेकांनीं सांगितलें; फुकट जेवण घेणाऱ्याविषयीं मात्र बहुतेकांनीं मौनच पसंत केलें. अपराध जितका गंभीर, तितकी मौन सोडण्याची तयारी अधिक. शिवाय दलादलांत मोठा फरक आढळला. तेव्हां हें मौन केवळ व्यक्तीच्या स्वभावांतून उपजत नाहीं. वरिष्ठ कशाला शिक्षा करतात आणि कशाकडे काणाडोळा करतात, यावर तें पोसतें. त्याची किंमत मात्र नागरिकांना मोजावी लागते.