काट्याची पावती आणि टायरची बाजू

दसऱ्याला बॉयलर पेटतो आणि दिवाळीच्या पणत्या विझता विझता पहिली मोळी गव्हाणीत पडते. हा अंक तुमच्या हातात येईल तेव्हा कोल्हापूर-सांगलीपासून सोलापूर-नगरपर्यंत गावोगावच्या ट्रॉल्या बाहेर निघालेल्या असतील. कुणी बेअरिंगला ग्रीस भरत असेल, कुणी हुकाची पिन बदलत असेल, आणि टायरच्या दुकानापुढे गर्दी असेल. त्या गर्दीत मी पुष्कळदा उभा राहिलो आहे. तिथे "केवढ्याला बसला?" हा प्रश्न हमखास ऐकू येतो. "हा टायर वजन किती घेतो?" असं विचारणारा क्वचित भेटतो.

मी अकरावीत असताना आमच्या काकांच्या ट्रॉलीचा मागचा टायर कालव्याच्या वळणावर फुटला. ट्रॉली कलली, अर्धा ऊस रस्त्यावर आला. मागे कुणी नव्हतं म्हणून निभावलं. काका म्हणाले, खिळा लागला असणार. टायर उतरवून पाहिला तर खिळा नव्हता, कापल्याची खूण नव्हती. आतून मात्र बाजूच्या भिंतीवर सुरकुत्या पडल्या होत्या आणि रबराचा काळा भुगा साचला होता. तो टायर त्या वळणावर फुटला खरा, पण मरत होता कित्येक खेपांपासून. पुढे मी यंत्रशाळेत शिकायला गेलो तेव्हा त्या भुग्याचा अर्थ कळला.

वजन टायर उचलत नाही, टायरमध्ये कोंडलेली हवा उचलते. रबर आणि आतली दोरी किंवा तार ही त्या हवेची पिशवी. हवा कमी असली किंवा वजन जास्त झालं की चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात बाजूची भिंत दुमडते आणि उलगडते. लोखंडाची तार वाकवून-वाकवून तोडताना ती बोटाला गरम लागते, तसंच इथे होतं. रबर उष्णता लवकर बाहेर सोडत नाही. ती आत साठते, थरांमधली पकड सुटते, आणि एके दिवशी नक्षीचा पट्टाच उचकटून निघतो किंवा भिंत फाटते. म्हणून टायर निवडताना मी नक्षीच्या खोलीआधी बाजूवरची अक्षरं वाचतो. तुम्हीही वाचा.

त्यात ‘१६ पीआर’ असं काहीतरी असतं. त्याचा अर्थ आत सोळा थर आहेत असा नाही. पूर्वी टायरमध्ये सुती कापडाचे थर असायचे, त्या काळच्या मापाने आजच्या टायरची ताकद सांगण्याची ती पद्धत आहे. त्याहून कामाचा आकडा म्हणजे भारांक, उदाहरणार्थ १४०/१३७. पहिला आकडा एकट्या चाकासाठी, दुसरा जोडचाकातल्या प्रत्येक चाकासाठी. १४० म्हणजे २५०० किलो, १३७ म्हणजे २३०० किलो. १४६ असेल तर ३००० किलो. हे आकडे किलो नव्हेत, तक्त्यातले क्रमांक आहेत, त्यामुळे १४० वरून सहाने वाढून १४६ झाला की टायरची ताकद पाचशे किलोंनी वाढते. शेजारचं अक्षर वेगाचं: ‘के’ म्हणजे ताशी ११० किलोमीटर, ‘ए८’ म्हणजे फक्त ४०. पुष्कळ टायरांवर कमाल वजन आणि त्यासाठी लागणारी हवा सरळ किलोत आणि पौंडात छापलेली असते. ती हवा भरलेली नसेल तर ते वजनही खरं नाही.

आता ऊस वाहणाऱ्याकडे एक गोष्ट अशी आहे, जी भाजी किंवा वाळू वाहणाऱ्याकडे नसते. प्रत्येक खेपेला कारखान्याचा काटा त्याला वजनाची पावती देतो. आपण त्या पावतीवर फक्त पैसे पाहतो. तिच्यावरून टायरही निवडता येतो. समजा एका चारचाकी ट्रॉलीत १० टन ऊस बसला आणि रिकामी ट्रॉली २ टनांची आहे. झाले १२ टन. चार टायरांवर वाटले तर प्रत्येकी ३ टन. खाली १४० भारांकाचे टायर असतील तर प्रत्येक टायरवर पाचशे किलो जादा, म्हणजे क्षमतेच्या वीस टक्के. हे सपाट रस्त्यावर. साइडपट्टीवर उतरून ट्रॉली एका अंगाला कलली की त्या बाजूच्या दोन टायरांवर याहून जास्त येतं. यावर कुणी म्हणेल, ट्रॅक्टर हळू चालतो, हळू चालणाऱ्याला जास्त वजन चालतं. बरोबर आहे, कंपन्या कमी वेगाला सवलत देतात. पण ती त्यांच्या तक्त्यात, ठरावीक वेग आणि ठरावीक हवेसकट छापलेली असते. आपल्या मनाने धरलेली सवलत ही सवलत नव्हे.

आणि टायर दणकट घेतला म्हणून जादा भरायची मुभा मिळत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे. दंडाचं सोडा, आस, हुक, ब्रेक यांतलं काहीच टायरबरोबर बदललेलं नसतं.

टायरच्या आणि हवेच्या चुकीची किंमत केवढी असू शकते हे अमेरिकेने पाहिलं आहे. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोन कंपनीने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. त्यातले बहुतेक फोर्ड एक्सप्लोरर या गाडीखाली होते. धावता धावता नक्षीचा पट्टा सुटायचा आणि गाडी उलटायची. तिथल्या सरकारी खात्याने या टायरांशी जोडलेल्या मृत्यूंची मोजदाद २७१ पर्यंत नेली. फोर्डने टायरच्या बनावटीकडे बोट दाखवलं. टायरवाल्यांनी गाडीच्या घडणीकडे आणि फोर्डने सुचवलेल्या २६ पौंड हवेकडे दाखवलं. भांडण लांबलं, पण त्याच वर्षी तिथे नवा कायदा झाला आणि पुढे गाडीतच हवा कमी झाल्याची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची झाली. आपल्या ट्रॉलीला ती यंत्रणा नाही. आपल्याकडे हवेचा गेज आहे, आणि तो सकाळी, टायर थंड असताना लावायचा असतो. धावून तापलेल्या टायरचा दाब वाढलेला दिसतो. तो पाहून हवा सोडली की थंड झाल्यावर टायर उपाशी राहतो.

ट्रॉलीला जुना ट्रक टायर घालण्याची आपल्याकडची रीत मला माहीत आहे, आणि ती पैशाच्या अडचणीतून आलेली आहे हेही. मी तिला सरसकट वाईट म्हणणार नाही. पण घेताना बाजूवर चार आकडे शोधा. ३५२० असेल तर टायर २०२० सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात बनला. टायर आतून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. सुरकुती, भुगा, दोरी दिसत असेल तर तो कितीही स्वस्त असला तरी महाग आहे. रिमोल्ड चांगला होऊ शकतो, पण नवं रबर जुन्या सांगाड्यावर बसतं आणि वजन तो सांगाडाच घेतो. एकाच आसावर रेडियल आणि नायलॉन मिसळू नका. जोडचाकात एक टायर नवा आणि एक गोटा झालेला असेल तर उंच असलेला नवा टायरच जास्त वजन खातो आणि आधी जातो.

ट्रॉलीच्या टायरचा आणखी एक शत्रू आहे, ज्याचा विचार फार कमी लोक करतात: हंगामाबाहेरचं रिकामपण. हंगाम संपला की ट्रॉली बांधावर सहा-सात महिने एकाच जागी उन्हात उभी असते. ऊन आणि हवेतला ओझोन रबराला बारीक चिरा पाडतात, हवा हळूहळू उतरते, आणि खालचा भाग वजनाने दबून राहतो. चार लाकडी ओंडक्यांवर आस टेकवून टायर उचलून ठेवले, वर जुनी ताडपत्री टाकली, तर एका दुपारच्या कामात टायरचं आयुष्य वाढतं.

आता डिस्क, म्हणजे टायर ज्यावर बसतो ते लोखंडी चाक. इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण टायर फुटल्याने ऊस सांडतो, पण डिस्क उडाली तर माणूस जातो. जुन्या वीस इंची डिस्क एकसंध नसतात. टायर बसवून बाजूची कडी आणि तिला अडवणारी लॉक रिंग घालायची असते. रिंग गंजलेली, वाकलेली किंवा दुसऱ्या कंपनीच्या डिस्कची असेल आणि ती नीट खाचेत बसली नसेल, तर हवा भरताना ती तोफेच्या गोळ्यासारखी सुटते. शंभर पौंड हवा म्हणजे प्रत्येक चौरस इंचावर शंभर पौंड, आणि बाजूचं क्षेत्रफळ शेकडो चौरस इंचांचं. हा जोर कित्येक टनांत जातो. अमेरिकेत अशा चाकात हवा भरताना ते लोखंडी पिंजऱ्यात ठेवणं नियमाने सक्तीचं आहे. आपल्याकडे पंक्चरवाल्याचा पोरगा चाकावर वाकून हातोडीने रिंग ठोकत असतो. ज्या दुकानात पिंजरा आहे तिथेच जा. नसेल तर निदान चाकाला साखळी गुंडाळायला लावा, लांब नळीने हवा भरायला सांगा, आणि त्या पोराला बाजूला घ्या. चिरलेल्या डिस्कला वेल्डिंग मारून घेऊ नका. नटाच्या भोकाभोवती गंजाची रेघ उतरलेली दिसली तर नट सैल होता असं समजा. डिस्कच्या टेकणाऱ्या भागावर रंगाचे जाड थर नकोत. रंग दबतो आणि नट ढिला होतो. नट समोरासमोरच्या जोडीने आवळा आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा आवळा.

पिकअपवाल्या तरुणांसाठी दोन शब्द. दूध, भाजी वाहणाऱ्या गाडीला रुंद, बाहेर निघालेले अलॉय बसवण्याची हौस वाढली आहे. भरलेली घागर कमरेवर घेतली तर मैलभर नेता येते. हात लांब करून धरली तर अंगण ओलांडवत नाही. चाक जितकं बाहेर, तितका बेअरिंगवरचा ताण तसाच वाढतो. अलॉयच्या आतल्या बाजूला वजनाचा आकडा कोरलेला असतो, तो पाहा. जपानी ‘जेडब्ल्यूएल-टी’ ही खूण ट्रकसाठीच्या चाकांची, नुसती ‘जेडब्ल्यूएल’ कारची. टायर दहा टक्के उंच घेतला तर चाकापाशी मिळणारी ओढ जवळपास तितकीच घटते, आणि ती चढावर, भरल्या गाडीत जाणवते. मापाने बसतो म्हणून कारचा टायर मालवाहू गाडीला घालू नका. अमेरिकेच्या नियमात कारचा टायर मालवाहू गाडीला घातला की त्याची क्षमता १.१० ने भागून धरतात. आणि टायरवर आयएसआय चिन्ह व मालवाहू टायरांचा मानक क्रमांक १५६३६ आहे ना, तेवढं बघा.

या हंगामातली पहिली खेप टाकून परत आलात की काट्याची पावती फेकू नका. तिच्या पाठीवर ट्रॉलीचं रिकामं वजन मिळवा, चाकांच्या संख्येने भागा, आणि कंदील घेऊन टायरच्या बाजूवरचा आकडा वाचा. उत्तर टायरच्या आकड्यापेक्षा मोठं आलं, तर दुसऱ्या खेपेला तेवढ्या मोळ्या फडातच ठेवा.