मुलाखतीची हाळी, पुस्तकाची चव

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



रेडिओवर किंवा टीव्हीवर एखाद्या लेखिकेची मुलाखत लागली की आपण हातातलं काम चालू ठेवून ऐकतो. ती माहेरच्या आठवणी सांगते, आईबद्दल बोलते, बोलता बोलता तिचा गळा दाटतो. आपल्याही डोळ्यांत पाणी येतं. आणि शेवटी निवेदिका म्हणते, ‘यांचं हे नवीन पुस्तक जरूर वाचा.’

कधी मनात येतं का, की ही मुलाखत आत्ताच का झाली? मागच्या वर्षी का नाही? लेखिका तर तीच होती, तिची आईही तीच होती. उत्तर सोपं आहे. पुस्तक नुकतंच बाजारात आलेलं असतं. मुलाखत म्हणजे गप्पा असतातच, पण त्याच वेळी ती पुस्तकासाठी दिलेली हाळीही असते. ही हाळी कशी ऐकायची आणि आपल्यावर वेळ आली तर कशी द्यायची, ते आज बघू.

हाळी देण्यात लाजण्यासारखं काही नाही. तुमच्यापैकी कितीतरी जणी ‘महालक्ष्मी सरस’ प्रदर्शनासाठी मुंबईत वांद्र्याला जाऊन आल्या असतील. तिथे स्टॉलवर लोणच्याच्या बरण्या मांडल्या म्हणून गिऱ्हाईक येत नाही. तुम्ही हाक मारता, चमच्यावर जरासं लोणचं देता, ‘ताई, चव तर बघा’ म्हणता. मुलाखत म्हणजे तोच चमचा. अट एकच. चमच्यातलं लोणचं आणि बरणीतलं लोणचं एकच असलं पाहिजे. चमच्यात वेगळं आणि बरणीत वेगळं निघालं तर ती फसवणूक झाली.

आता लेखकाला हा चमचा हातात का घ्यावा लागतो, त्याचा हिशेब करू. बचत गटातल्या बायकांना हिशेब शिकवायला नको. समजा, पुस्तकाची किंमत ३०० रुपये आहे. लेखकाला त्यातले साधारण दहा टक्के मिळतात, त्याला रॉयल्टी म्हणतात. म्हणजे एका प्रतीमागे ३० रुपये. बाकीच्या पैशांत कागद, छपाई, दुकानदाराचं कमिशन आणि प्रकाशकाचा खर्च. पहिल्या आवृत्तीच्या हजार प्रती काढल्या आणि सगळ्या विकल्या गेल्या, तर लेखकाच्या हातात ३०,००० रुपये. लिहायला दोन वर्षं गेली असतील आणि हजार प्रती खपायला आणखी दोन. वर्तमानपत्रात मोठी जाहिरात देणं बहुतेक मराठी प्रकाशकांना परवडत नाही. मुलाखतीला मात्र फक्त वेळ लागतो. उलट आकाशवाणीसारख्या ठिकाणी बोलायला बोलावलं तर थोडंफार मानधनही मिळतं. म्हणून पुस्तक आलं की लेखक बोलायला निघतात.

परदेशातही हेच चालतं. अमेरिकेत ओप्रा विनफ्रे या बाईंनी १९९६ साली आपल्या टीव्ही कार्यक्रमात पुस्तकांवर बोलायला सुरुवात केली. त्यांनी एखादं पुस्तक हातात धरलं की त्याच्या लाखो प्रती खपायच्या.

आपल्याकडे याचं घरगुती रूप बघायचं तर मुंबईच्या उपनगरात जायला हवं. अंधेरीच्या अलीकडचं स्टेशन म्हणजे विलेपार्ले. तिथे लोकमान्य सेवा संघात मॅजेस्टिक या प्रकाशनसंस्थेच्या ‘मॅजेस्टिक गप्पा’ वर्षानुवर्षं होत आल्या आहेत. लेखकाला मंचावर बसवायचं, एखाद-दोघांनी प्रश्न विचारायचे, पार्लेकरांनी ऐकायचं. आणि शेजारीच पुस्तकांचं प्रदर्शन. गप्पा ऐकून उठलेला माणूस जाता जाता पुस्तकं चाळतो आणि एखादं घेतो. यात लपवाछपवी कसलीच नाही. विकणाऱ्यालाही ठाऊक, ऐकणाऱ्यालाही ठाऊक. गप्पा खऱ्या आणि विक्रीही खरी. मुलाखत इतकी उघड असली की ऐकणाऱ्याचं काही नुकसान होत नाही.

आता पडद्यामागे काय होतं ते सांगते. प्रकाशक रेडिओला किंवा वर्तमानपत्राला पुस्तकाची एक प्रत पाठवतो, सोबत पानभर माहिती. काही मुलाखतकार पुस्तक अथपासून इतिपर्यंत वाचून येतात. काही जण ते पान आणि पुस्तकाची मागची बाजू, एवढंच वाचतात. ऐकताना हे ओळखता येतं. ‘तुम्हाला लिहावंसं का वाटलं?’ हा प्रश्न पुस्तक न उघडताही विचारता येतो. पण ‘तुमच्या मावशीने दागिने परत केले, तो प्रसंग तुम्ही दोन ओळींत का संपवलात?’ हे विचारायला पुस्तक वाचावंच लागतं. असा एकही प्रश्न आला नाही, तर समजावं की आपण फक्त हाळी ऐकली, चव काही मिळाली नाही.

चांगली मुलाखत काय देऊ शकते, त्याचं एक उदाहरण आपल्याच मातीतलं आहे. सातारा जिल्ह्यातल्या फलटणच्या बेबी कांबळे. छोटं दुकान चालवता चालवता, सामान बांधायला आणलेल्या रद्दीतले कागद त्या वाचत. त्यातून वाचनाची गोडी लागली आणि त्या लिहू लागल्या. त्यांचं लेखन आधी ‘स्त्री’ मासिकात क्रमशः छापून आलं आणि १९८६ साली ‘जिणं आमुचं’ या नावाने पुस्तक झालं. महार समाजाचं आणि त्यातल्या बायकांचं जगणं त्यात आहे. पुढे माया पंडित यांनी पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद केला, तो २००८ साली आला. त्या अनुवादाला जोडून माया पंडितांनी घेतलेली बेबीताईंची मुलाखत छापली आहे. तिच्यात बेबीताईंनी सांगितलं की, नवऱ्याच्या आणि घरच्यांच्या भीतीने आपलं लेखन त्यांनी वीस वर्षं लपवून ठेवलं होतं. नवऱ्याचा मार सोसल्याचंही त्या त्यात बोलल्या. पुस्तकात त्यांनी समाजाचं दुःख लिहिलं, स्वतःच्या संसाराचं मागे ठेवलं.

ही मुलाखतही नव्या पुस्तकाबरोबरच आली होती, हे खरं. त्या अनुवादाचा खप वाढायला तिचा उपयोगही झाला असेल. पण ती वाचल्यावर मूळ पुस्तक आणखी खोल कळतं. जे लिहिताना सांगता आलं नाही, ते विश्वासाच्या माणसापुढे बोलता आलं. आणि किती बोलायचं, ते बेबीताईंनी स्वतः ठरवलं.

इथेच खरी मेख आहे. किती बोलायचं, ते कोण ठरवतं?

दुसरं उदाहरण उर्मिला पवार यांचं. जन्म १९४५, रत्नागिरी जिल्ह्यातला. पुढे मुंबईत नोकरी आणि संसार. त्यांचं ‘आयदान’ हे आत्मकथन २००३ साली ‘ग्रंथाली’ने काढलं. आयदान म्हणजे बांबूच्या कामट्यांनी विणलेली सुपं, टोपल्या. उर्मिलाताईंची आई ती विणून घर चालवायची. पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद झाला, सुषमा देशपांडे यांनी ते रंगमंचावरही आणलं. या पुस्तकात उर्मिलाताईंनी नवरा-बायकोच्या नात्याबद्दल मोकळेपणाने लिहिलं आहे.

असं पुस्तक समोर असताना मुलाखत घेणाऱ्यापुढे दोन वाटा असतात. एक वाट सोपी. ‘तुम्ही असं लिहिलंत, मग घरचे काय म्हणाले?’ यावर लोक कान टवकारतात, पुस्तकही थोडं जास्त खपतं. दुसरी वाट कामाची. उर्मिलाताईंनी मीनाक्षी मून यांच्याबरोबर ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ साली आणलं. बाबासाहेबांच्या चळवळीत राबलेल्या बायकांना शोधून, भेटून, त्यांच्या तोंडून ऐकून ते लिहिलं गेलं. ज्यांची नावं कुठे नोंदलेली नव्हती, त्या बायकांची नावं पुस्तकात आली. हे काम कसं झालं, कुणी दार उघडलं, कुणी बोलायला नकार दिला, हे विचारलं तर ऐकणारीला काहीतरी शिकायला मिळतं. लेखक पुरुष असला की मुलाखतीत त्याच्या लेखनाबद्दल विचारतात आणि बाई असली की तिच्या संसाराबद्दल, असं पुष्कळदा होतं. ऐकताना हे मोजून बघा.

आता आपल्या अंगणातली गोष्ट. हल्ली गटातल्या कितीतरी जणी कविता, ओव्या, अनुभव लिहितात. एखादीचं लिखाण व्हॉट्सॲपवर फिरतं आणि तिला फोन येतो. ‘ताई, पुस्तक काढून देतो, मुलाखतही लावून देतो. एवढे एवढे पैसे भरा.’ अशा वेळी गटाचं कर्ज काढण्याआधी चार गोष्टी लक्षात ठेवा.

एक, मुलाखतीसाठी पैसे मागितले तर ती जाहिरात झाली. जाहिरात करायला हरकत नाही, पण ती जाहिरात म्हणूनच छापली किंवा ऐकवली पाहिजे. पैसे घेऊन बातमी म्हणून छापण्याला ‘पेड न्यूज’ म्हणतात. प्रेस कौन्सिलने २०१० साली त्यावर अहवालही काढला होता.

दोन, पुस्तकाच्या मागे जो आयएसबीएन क्रमांक असतो, तो आपल्या देशात सरकारी यंत्रणेकडून मोफत मिळतो. त्याचे वेगळे पैसे कुणी लावत असेल तर विचारा, कशाचे?

तीन, पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. आधी तिची चौकशी करा.

चार, किती प्रती छापणार, त्या कुठे ठेवणार, विकल्या की पैसे कधी देणार, हे कागदावर लिहून घ्या. पाचशे प्रती घरातल्या पलंगाखाली येऊन पडल्या, तर दहा मुलाखती देऊनही त्या खपत नाहीत.

आणि कधी उलटंही होतं. पुस्तक लिहिणारी दुसरीच असते आणि गोष्ट आपली असते. कुणी शहरातून येतं, आपलं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून नेतं. बोरिवलीच्या पुढे दहिसरला ‘स्पॅरो’ नावाची संस्था आहे, १९८८ साली सुरू झालेली. बायकांच्या मुलाखती, फोटो, कागदपत्रं जपून ठेवणं हेच तिचं काम. असं काम मोलाचं आहे, म्हणून आलेल्या प्रत्येकाकडे संशयाने बघू नका. पण विचारा जरूर. हे कुठे छापणार? माझं खरं नाव घालणार का? छापण्याआधी मला वाचून दाखवणार का? आपल्या दुःखावर दुसरीची मुलाखत रंगणार असेल, तर एवढं विचारायचा आपला हक्क आहे.

समजा, आपल्याच गटाचं पुस्तक निघालं आणि रेडिओवर बोलायला बोलावलं. सामुदायिक रेडिओचं केंद्र आसपासच्या गावांपुरतं असतं आणि निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागाने व्हावेत असा नियम आहे. म्हणजे तिथे आपली जागा आहेच. जाताना तयारी करा. पुस्तकातला दोन मिनिटांचा उतारा मोठ्याने वाचून बसवा. ऐकणारीला खरी चव त्यातूनच मिळते. पुस्तकाचं नाव, किंमत आणि ते कुठे मिळेल, हे सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा सांगा. प्रत्येक प्रश्नाला ‘ते पुस्तकात वाचा’ म्हणू नका, लोक चिडतात. काय विचारायचं नाही, ते आधीच मोकळेपणाने सांगून ठेवा. मुलाखत थेट जाणार की आधी रेकॉर्ड होणार, तेही विचारा. रेकॉर्ड होणार असेल तर चुकून निसटलेलं वाक्य काढून टाकायला सांगता येतं. सासरच्या, शेजारच्या कुणाचं नाव घ्यायचं असेल तर त्यांना आधी विचारलेलं बरं. कार्यक्रम दहा मिनिटांत संपतो, पण त्या माणसांबरोबर आपल्याला रोज राहायचं असतं.

कुणाला बोलणं जमतच नसेल तर? तरीही चालतं. धारवाडला राहणारे जी. ए. कुलकर्णी हे मराठीतले फार मोठे कथाकार. सभा, सत्कार, मुलाखती यांपासून ते आयुष्यभर दूर राहिले. १९८७ साली ते गेले, पण त्यांच्या कथा आजही वाचल्या जातात. उलट मुलाखतीत छान बोलणाऱ्या सगळ्यांची पुस्तकं छान असतात असंही नाही. बोलणं ही एक कला आणि लिहिणं ही दुसरी.

म्हणून शेवटी एक काम देते. पुढच्या वेळी कुठल्याही लेखिकेची मुलाखत लागली की गटाने मिळून ऐका. ‘आकाशवाणी’ असो, ‘माझा कट्टा’ असो, नाहीतर आपलं गावचं केंद्र. ऐकून झालं की एकमेकींना तीन प्रश्न विचारा. पुस्तकात काय आहे, ते कळलं का? विचारणाऱ्याने पुस्तक वाचलं होतं का? लेखिका स्वतःहून बोलली, की तिच्याकडून काढून घेतलं? मग लगेच पैसे खर्च करू नका. गावच्या किंवा तालुक्याच्या वाचनालयात ते पुस्तक मागा. नसेल तर मागणी नोंदवा, वाचकांनी मागितलं की ग्रंथपाल पुस्तकं आणतात. एकीने वाचावं, दुसरीला द्यावं. आवडलं तर गटासाठी एक प्रत विकत घ्या. लेखिकेला त्यातले तीस रुपये मिळतील, आणि ते तिच्या कष्टाचेच असतील.