एक बेट, एक रिसॉर्ट

मालदीवला गेलेला पाहुणा राजधानी मालेमध्ये पाऊलही न टाकता सुट्टी पुरी करून परत येऊ शकतो. विमानतळच मुळी हुलुले नावाच्या वेगळ्या बेटावर आहे. तिथून सीप्लेन नाहीतर स्पीडबोट पकडायची आणि थेट रिसॉर्टच्या धक्क्यावर उतरायचं. सीप्लेनचे वैमानिक बहुधा अर्ध्या चड्डीत, अनवाणी असतात. त्यांना तसं पाहून पहिल्यांदा जाणाऱ्याच्या पोटात जरा गोळा येतो, पण खाली पसरलेला निळा-हिरवा पसारा दिसू लागला की पायांकडे कोण बघतो!

या देशात सुमारे १,२०० बेटं आहेत आणि वस्ती त्यांतल्या दोनशेच्या आसपास बेटांवर. १९७२ साली कुरुंबा हे पहिलं रिसॉर्ट निघालं तेच मुळी एका निर्जन बेटावर. पुढे ‘एक बेट, एक रिसॉर्ट’ हा शिरस्ताच पडला. देश मुस्लिम. गावाच्या बेटावर दारू चालत नाही, तोकडे कपडे खपत नाहीत. मग पाहुण्यांचं बेट वेगळं आणि गावाचं वेगळं, म्हणजे पैसा येईल आणि विटाळही होणार नाही! सोवळं-ओवळं पाळावं तशी ही आखणी. साथीचा विचार तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नसणार.

कोरोनाची साथ आली, मार्च २०२० मध्ये मालदीवने पर्यटकांना दार बंद केलं, आणि १५ जुलैला पुन्हा उघडलंसुद्धा. जग अजून कुलपात होतं. पॅरिस किंवा बँकॉकमध्ये पाहुण्याला शहरापासून वेगळं काढणं अशक्य. इथे मात्र पन्नास वर्षांपूर्वी भलत्याच कारणासाठी आखलेला नकाशा आयतं विलगीकरण होऊन बसला होता. रिसॉर्टवर आलेल्याला खोलीत डांबायची गरजच नव्हती. अख्खं बेटच त्याची खोली!

प्रवासी नेमके कुठे बदलले, ते इथे स्वच्छ दिसतं. एरवी परदेशी जायचं ते गजबज अनुभवायला: बाजार, गल्ल्या, रात्रीची वर्दळ. आता माणसं शेजारी नसण्याचे पैसे मोजू लागली. नियम साधे असावेत, विमान थेट असावं, अडकलो तर परत येता यावं, ही नवी चिकित्सा सुरू झाली. मुक्कामही लांबले. लॅपटॉप कुठेही उघडता येतो म्हटल्यावर एका रिसॉर्टने २०२१ सालभर दोघांना हवं तेवढं राहण्याची सवलत ३०,००० डॉलरला विकायला काढली.

२०१९ मध्ये मालदीवला १७ लाख पर्यटक आले होते. २०२० मध्ये साडेपाच लाख, आणि २०२१ मध्ये पुन्हा १३ लाखांवर. त्याच वर्षी जगभरातला परदेशप्रवास २०१९ च्या एक तृतीयांशाच्याही खाली होता.

या गर्दीत आपण भारतीय सगळ्यांत पुढे होतो. साथीपूर्वी पहिला नंबर चिनी पर्यटकांचा, पण चीनने आपल्याच लोकांना घरात कोंडलं. आपल्याला युरोपची दारं बंद, थायलंड बंद. मालदीवला मात्र आधी व्हिसा काढावा लागत नाही आणि मुंबईहून विमानाने अंतर जेमतेम तीन तासांचं. मधुचंद्राची जोडपी निघाली, सिनेमातले तारे निघाले, आणि पाण्यावरच्या लाकडी विलांचे फोटो घरोघरच्या मोबाइलवर येऊन आदळले. २०२१ मध्ये एकट्या भारतातून जवळजवळ २ लाख ९० हजार लोक तिथे गेले.

मात्र या कौतुकाला एक काळी किनार आहे. रिसॉर्टं २०२० च्या जुलैत उघडली. गावांच्या बेटांवर पुढे निघालेली छोटी गेस्टहाउसं, जी तिथल्या साध्या कुटुंबांची कमाई, त्यांना ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत थांबावं लागलं. आणि रोग काही आत शिरायचा राहिला नाही. मे २०२१ मध्ये मालदीवमध्येच रुग्ण भराभर वाढले, आणि १३ मेपासून भारतासह दक्षिण आशियातल्या पर्यटकांना त्यांनी दोन महिने येऊ दिलं नाही. दार उघडताच आपली मंडळी पुन्हा हजर. २०२२ आणि २०२३ मध्येही पहिला नंबर आपलाच.

तो गेला २०२४ मध्ये. त्या वर्षी तिथे २० लाखांवर पर्यटक पोचले, चीन पुन्हा पहिला आला आणि भारत पहिल्या पाचांतही उरला नाही. यात विषाणूचा काही हात नव्हता. जानेवारीत समाजमाध्यमांवर लक्षद्वीप चांगलं की मालदीव यावरून दोन्ही देशांतले लोक भांडले, आणि आपल्याकडच्या लोकांनी तिकिटं रद्द करायला सुरुवात केली.